लग्नाशिवायचा जोडीदार, कंपनीचा मेडिक्लेम आणि धंद्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात खराडीला साडेतीनशे माणसांची सॉफ्टवेअर सेवा देणारी कंपनी. दोन कर्मचाऱ्यांनी एचआरकडे विचारणा केली. एक मुलगी मित्रासोबत लिव्ह-इनमध्ये राहते, दुसऱ्याचा जोडीदार पुरुष आहे. दोघांनाही कंपनीच्या मेडिक्लेममध्ये जोडीदाराचं नाव घालायचंय. एचआरची तयारी आहे. विम्याचा ब्रोकर म्हणतो विमा कंपनी ऐकणार नाही. सीएफओ विचारतात यातून धंद्याला मिळणार काय. आणि मालकांना धास्ती की उद्या कोणीही कोणालाही पार्टनर म्हणून आणून उभं करेल.

माझं उत्तर: द्या, आणि फक्त समलिंगी जोडप्यांना नको, लग्न न केलेल्या सगळ्याच जोडप्यांना द्या. मी बरीच वर्षं पगार आणि लाभ याच खात्यात काढली, आधी कंपन्यांच्या बाजूने आणि नंतर ब्रोकरच्या बाजूने. पैशाच्या दृष्टीने हा निर्णय तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार लहान आहे. कटकट पैशात नाही, ती अंमलबजावणीत आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. म्हणून पैशाचं आधी आटपतो.

समजा विमा कंपनीने माणशी ६,००० रुपये दर लावला. तुमचा खरा दर वेगळा असेल, तो घालून बघा. साडेतीनशेपैकी दहा जणांनी जोडीदाराचं नाव दिलं असं धरू, आणि पहिल्या वर्षी दहा म्हणजे डोक्यावरून पाणी. ६०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०,८०० रुपये. आता तुमच्याकडचा बारा लाख सीटीसीचा (वर्षाच्या एकूण पगारखर्चाचा) एक माणूस गेला आणि त्याच्या जागी नोकरभरतीच्या कन्सल्टंटकडून दुसरा आणला, तर ८.३३ टक्क्यांच्या नेहमीच्या दराने कन्सल्टंटचंच बिल एक लाखाच्या घरात जातं. नव्या माणसाला हाताशी यायला लागणारे तीन महिने वेगळेच. वर्षात एक माणूस टिकला तरी खर्च निघाला.

पण सीएफओंना हे सांगताना एक गोष्ट लपवू नका. माणूस थांबतो तेव्हा कशामुळे थांबला हे कुठल्याच कागदावर येत नाही. एक्झिट इंटरव्ह्यू जाणाऱ्यांचे होतात, राहिलेल्यांचे नाही. त्यामुळे "पार्टनर बेनिफिटमुळे गळती इतकी टक्के घटली" अशी स्लाइड कोणी दाखवली तर मी तरी ती बाजूला ठेवतो.

क्लेमचं म्हणाल तर ग्रुप मेडिक्लेममध्ये विमा कंपनीला घाम फोडणारी मंडळी म्हणजे आपले आईवडील. मोतीबिंदू, गुडघे, अँजिओप्लास्टी. रिन्यूअलच्या बैठकीत क्लेमचा तक्ता उघडला की निम्म्याहून जास्त रक्कम याच रकान्यात सापडते असं मी वर्षानुवर्षं पाहतोय. एकोणतीस वर्षांच्या जोडीदाराला काय होणार? डेंग्यू, अपेंडिक्स, गाडीवरून पडणं. खर्चाची खरी एकच बाब आहे, बाळंतपण. लिव्ह-इनमधल्या जोडप्यांना घेतलं तर बाळंतपणाचे एखाद-दोन क्लेम वाढू शकतात, आणि ते अंडररायटरला, म्हणजे विमा कंपनीत जोखीम बघून दर ठरवणाऱ्याला, आधीच सांगून टाकावं. आईवडिलांचा विमा द्यायला तुम्ही कधी "यातून धंद्याला काय मिळणार" असं विचारलं नव्हतं, एवढं मात्र सीएफओंना माझ्या नावाने सांगा.

आता धंद्याच्या यशाबद्दल. याची सगळी उठाठेव अमेरिकेत होऊन गेली आहे, आणि ती नीट बघितली तर दोन्ही बाजूंचे अतिरेकी दावे गळून पडतात. तिथे आरोग्यविमा म्हणजे मुख्यतः नोकरीतून मिळणारी गोष्ट, म्हणून जोडीदाराचा प्रश्न आधी तिथे पेटला. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात कामगार संघटनेने वाटाघाटीत हा लाभ मिळवला. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असं धोरण स्वीकारलं. तो एड्सच्या भीतीचा काळ. विमा कंपन्यांची अटकळ होती की क्लेमचा डोंगर उभा राहील, म्हणून त्या नाही म्हणायच्या किंवा जादा प्रीमियम मागायच्या. डोंगर काही आला नाही. नाव नोंदवणारेच मुळात थोडे, कारण बहुतेक जोडीदारांना स्वतःच्या नोकरीतून विमा होता. जिथे योजना सगळ्यांना खुली होती तिथे नोंदणी करणाऱ्यांत स्त्री-पुरुष जोडपीच जास्त निघाली. मग जादा प्रीमियमची अट हळूहळू निघून गेली.

पुढे १९९१ मध्ये ‘लोटस’ या सॉफ्टवेअर कंपनीने, १९९२ मध्ये जीन्सवाल्या ‘लीवाय स्ट्रॉस’ने, १९९६ मध्ये ‘आयबीएम’ने हा लाभ जाहीर केला. यातल्या दोन सॉफ्टवेअर-संगणकवाल्या आहेत हा योगायोग नव्हे. ज्या धंद्यात माणूस हीच मालमत्ता, तिथे असले लाभ लवकर पोचतात. २००० मध्ये फोर्ड, जनरल मोटर्स आणि डेमलर-क्रायस्लर या तिन्ही मोटार कंपन्यांनी एकत्रच घोषणा केली, कारण तिघींची कामगार संघटना एकच होती आणि एकीने दिलं की दुसरीला सुटका नव्हती. डिस्नेवर तर अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट चर्चने १९९७ ते २००५ अशी आठ वर्षं बहिष्कार घातला. समलिंगी जोडीदारांना दिलेले लाभ हे त्याचं एक कारण होतं. डिस्ने बुडाली नाही.

पण म्हणून लाभ दिल्यामुळे या कंपन्या मोठ्या झाल्या असं म्हणाल तर तेही खोटं. त्या आधीच मोठ्या होत्या, हातात पैसा होता, आणि एकमेकींची माणसं पळवत होत्या. यश आणि लाभ दोन्ही एकाच घरात नांदतात, म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. आणि २०१५ च्या जून महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली तेव्हा काही कंपन्यांनी "आता लग्न करा" म्हणत हा लाभ बंदही केला. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती लग्नाची तात्पुरती भरपाई होती. आपल्याकडे ही भरपाई बराच काळ लागणार आहे.

तुमच्या कामाची अमेरिकेतली आणखी एक गोष्ट. १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने एक स्थानिक कायदा केला आणि १९९७ पासून तो लागू झाला: शहराशी करार करणाऱ्या कंपनीने वैवाहिक जोडीदाराला जे दिलं ते लग्नाशिवायच्या जोडीदारालाही द्यायचं. विमान कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. तरी १९९९ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने लाभ देऊन टाकला आणि बाकीच्या मोठ्या कंपन्या मागोमाग आल्या. तुमचा एखादा सेल्सवाला म्हणेल की अमेरिकन ग्राहक असल्यामुळे हा कायदा आपल्यालाही लागू आहे. नाही. तो अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांपुरता आहे, खराडीतल्या नाही. लागू होते ती ग्राहकाच्या खरेदी विभागाची प्रश्नावली. मोठ्या ग्राहकांच्या व्हेंडर फॉर्ममध्ये भेदभावविरोधी धोरणाचे चार-पाच रकाने असतातच. तिथे "धोरण आहे, कुटुंबाच्या व्याख्येत पार्टनर आहे" असं लिहिता आलं तर चांगलं. त्यावर ऑर्डर मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. शेजारच्या इमारतीतल्या परदेशी कंपनीचं पुण्यातलं केंद्र हे लाभ देतं आणि तुमचा टीम लीड तिथे मुलाखत देऊन येतो, हा दबाव त्याहून कितीतरी खरा आहे.

आपल्याकडचा कायदा. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. २०२२ मध्ये चंदीगडच्या एका परिचारिकेच्या प्रसूती रजेच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटलं की कुटुंब अविवाहित जोडीदारांचं किंवा क्विअर (समलिंगी वगैरे) जोडप्याचंही असू शकतं. २०२३ च्या १७ ऑक्टोबरला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला मात्र नकार दिला, आणि लाभांचा विचार करायला सरकारची समिती नेमायचं ठरलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्विअर जोडप्यांना संयुक्त बँक खातं काढायला आणि जोडीदाराला त्या खात्याचं नॉमिनी करायला आडकाठी नाही. या सगळ्यात खाजगी कंपनीला "जोडीदाराला विमा देऊ नका" असं कोणीही कुठेही म्हटलेलं नाही. ग्रुप मेडिक्लेम हा कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार. कुटुंबात कोण, हे त्या कराराच्या शेड्यूलमध्ये लिहिलेलं असतं. लग्नाला मान्यता मिळो न मिळो, करारात "पार्टनर" लिहिलं की तो कुटुंबात आला.

आणि हे फक्त आयटीचं फॅड असं मालकांना वाटत असेल तर त्यांना टाटा स्टील दाखवा. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने डिसेंबर २०१९ मध्ये एलजीबीटीक्यू कर्मचाऱ्यांना जोडीदाराचं नाव जाहीर करून लाभ घेण्याची सोय केली: वैद्यकीय सुविधा, दत्तक रजा, बाळाची रजा, कंपनीच्या घरासाठी दोघांचे गुण एकत्र धरणं, इतकंच काय, हनिमून पॅकेजसुद्धा. २०२१ मध्ये ॲक्सिस बँकेने कर्मचाऱ्यांना समलिंगी जोडीदार मेडिक्लेममध्ये घ्यायची मुभा दिली.

ब्रोकर "विमा कंपनी ऐकणार नाही" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने विचारलेलंच नसतं. किंवा पॉलिसीच्या मधेच विचारलेलं असतं. मधे नाव घालण्याची वाट सहसा तिघांनाच खुली असते: नवा कर्मचारी, नवी बायको किंवा नवरा, नवं बाळ. म्हणून हे रिन्यूअलला करायचं. पॉलिसी १ एप्रिलला संपत असेल तर जानेवारीतच कोटेशनच्या कागदावर ओळ घाला: "कुटुंब म्हणजे कर्मचारी, वैवाहिक जोडीदार किंवा घोषित पार्टनर (कोणत्याही लिंगाचा), मुलं, आईवडील." "कोणत्याही लिंगाचा" हे शब्द लाजून गाळू नका. ते गाळलेत तर पहिल्याच क्लेमला कोणीतरी अर्थ काढत बसेल. तीन-चार विमा कंपन्यांकडून दर मागवा. एखादी नकार देईल, दुसरी त्याच दरात हो म्हणेल.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही ते. धोरण जाहीर करताना एचआरच्या उत्साहात "सर्व लाभ समान" असं लिहून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे. ते लिहू नका, कारण ते खरं नाही. कंपनीच्या हातात आहे ते तुम्ही देऊ शकता: मेडिक्लेम, ग्रुप टर्म विमा (कर्मचारी वारला तर रक्कम देणारा), बदलीचा खर्च, आजारी जोडीदारासाठी रजा, जोडीदार वारला तर शोकाची रजा. कायद्याने बांधलेलं आहे ते देता येत नाही. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) कुटुंबाची व्याख्या कायद्यात पक्की आहे, पार्टनर त्यात नाही. सुट्टीच्या प्रवास भत्त्याची करसवलत लग्नाशिवायच्या जोडीदाराच्या तिकिटावर मिळत नाही. त्याच्या विम्याच्या हप्त्यावर कर्मचाऱ्याला आयकरात आरोग्यविम्याची (८०डी म्हणून ओळखली जाणारी) वजावट नाही. कंपनीने जोडीदारासाठी भरलेला प्रीमियम करपात्र सुविधा धरायचा का, हे तुमच्या सीएकडून लेखी घ्या. करसवलतीतलं कुटुंब म्हणजे बायको किंवा नवरा, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील-भावंडं. अमेरिकेतही हाच गुंता होता. तिथे जोडीदाराच्या विम्याची किंमत पगारात मिळवून कर लागायचा, आणि २०१० मध्ये गूगलने तो जादा कर आपल्या खिशातून भरून द्यायला सुरुवात केली. तुमच्या ६,००० रुपयांवर कर तो किती, फार तर दोन हजार. भरून टाका.

भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी इथे मात्र जपून. पीएफच्या नियमात आहे की सदस्याला "कुटुंब" असेल तर नॉमिनेशन कुटुंबातल्याच माणसाचं करायचं, बाहेरच्याचं केलं तर ते रद्दबातल. कुटुंबात बायको किंवा नवरा, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील येतात. ग्रॅच्युइटीचा १९७२ च्या कायद्यातला नियमही हाच, आणि तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आला आहे. म्हणजे तुमच्या त्या कर्मचाऱ्याची आई त्याच्यावर अवलंबून असेल तर त्याने पीएफला जोडीदाराचं नाव घातलं तरी ते उभं राहत नाही. आईवडील स्वतःच्या पेन्शनवर जगत असतील, तो अविवाहित असेल, मूल नसेल, तर तो "कुटुंब नाही" असं सांगून कोणालाही नॉमिनी करू शकतो. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरताना "कुटुंब आहे का" हा प्रश्न येतो तो याचसाठी, आणि बहुतेक पोरं काहीही टिक करून पुढे जातात. पुढे त्याने लग्न केलं की ते जुनं नॉमिनेशन आपोआप बाद.

ग्रुप टर्म विम्यात जोडीदाराचं नाव घालता येतं, पण आयुर्विम्यात नॉमिनी बायको, नवरा, मूल किंवा आईवडील असला तरच पैसा त्याच्या हक्काचा होतो. बाकी नॉमिनी हा पैसे घेऊन वारसांना पोचवणारा विश्वस्त. अशा बाकी नॉमिनींची सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या सरबती देवी निकालापासून हीच स्थिती आहे. उद्या अपघात झाला तर जोडीदाराच्या खात्यात रक्कम येईल आणि महिन्याभरात भाऊ वकिलाची नोटीस घेऊन दारात उभा राहील. यावर इलाज एकच, मृत्युपत्र. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या. कंपनीने वर्षातून एकदा वकील बोलावून सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी मृत्युपत्राचं सत्र ठेवावं. सगळ्यांसाठी, म्हणजे कोण कशासाठी आलंय हे कोणाला कळत नाही. या एका दुपारचा जोडीदाराला जितका आधार होतो तितका सगळ्या इंद्रधनुषी पोस्टरांनी मिळून होत नाही.

मालकांच्या धास्तीबद्दल. "कोणीही कोणालाही आणेल." माझ्या पाहण्यात मेडिक्लेममधली लबाडी येते ती मावशीला आई दाखवण्यातून, आणि त्याहून जास्त हॉस्पिटलच्या फुगवलेल्या बिलातून. मित्राची किडनी खराब झाली म्हणून त्याला पार्टनर दाखवला, असं घडू शकतं हे खरं. त्याला साधे बांध घालता येतात. नाव फक्त जॉइनिंगच्या वेळी किंवा रिन्यूअलला घालायचं. एका वेळी एकच जागा, तिथे नवरा-बायको असेल तर पार्टनर नाही. नाव बदललं तर पुढचं नाव बारा महिन्यांनी. संबंध तुटला तर तीस दिवसांत कळवायचं. आणि दोघांच्या सहीचं घोषणापत्र: दोघं अठरा वर्षांवरचे, जवळचे रक्ताचे नातेवाईक नाहीत, किमान सहा महिने एकत्र राहतात, एकमेकांच्या खर्चाची जबाबदारी घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या "विवाहासारख्या संबंधा"साठी जे निकष सांगितले तेही साधारण याच वळणाचे आहेत: समाजात जोडीदार म्हणून वावरणं, वय, आणि आपखुशीने बराच काळ एकत्र राहणं.

यापुढे पुरावा मागू नका. विशेषतः भाडेकरार. पुण्यात अविवाहित जोडप्याला फ्लॅट मिळवायचा म्हणजे काय असतं ते खराडी-विमाननगरच्या एजंटांना विचारा. करार एकाच्या नावावर, दुसरा सोसायटीच्या रजिस्टरमध्ये "चुलतभाऊ" किंवा "रूममेट". म्हणजे जे खरंच एकत्र राहतात त्यांच्याचकडे कागद खोटा असतो. आणि तुम्ही विवाहितांकडून लग्नाचा दाखला घेता का? जॉइनिंगच्या फॉर्मवर "स्पाउस" लिहिलं की विषय संपतो. तोच विश्वास इथे ठेवा. एक अपवाद ध्यानात असू द्या: उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झाली आहे. डेहराडूनहून घरून काम करणारा कोणी असेल तर त्याच्या घोषणापत्राला ती पार्श्वभूमी आहे, एवढं एचआरला माहीत असावं.

एक प्रकार असा येईल की ज्याचा कोणी विचार केलेला नसतो, आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत जास्त येतो. चाळिशीचा माणूस, घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात सहा वर्षं पडून, आणि आता दुसऱ्या बाईसोबत राहतोय. त्याला पार्टनरचं नाव घालायचंय. कायद्याने बायको अजून बायकोच. एक जागेचा नियम इथे कामाला येतो: बायकोचं नाव पॉलिसीत आहे तोवर दुसरं नाही. आणि बायकोचं नाव काढायला तो आला तर आधी विचारा, पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा काही आदेश आहे का. असेल तर काढू नका. कंपनीने कोणाच्या संसाराचा न्यायनिवाडा करायचा नाही.

आता हॉस्पिटलच्या काउंटरवर येऊ. सगळं धोरण तिथे उतरतं किंवा आपटतं. एका कंपनीत घडलेली गोष्ट. शनिवारी रात्री जोडीदाराला अपेंडिक्सचा त्रास, हॉस्पिटलात भरती. ई-कार्डवर नातं छापलेलं "अदर". काउंटरवरचा मुलगा म्हणाला, अदर म्हणजे कोण, नात्याचा पुरावा द्या. टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) हेल्पलाइनवरच्या बाईंच्या स्क्रीनवरही "अदर". कॅशलेस अडकलं, कर्मचाऱ्याने क्रेडिट कार्डाने रक्कम भरली, सोमवारी ब्रोकरने धावपळ केली. पैसे नंतर परत मिळाले. पण त्या रात्री त्याला काउंटरवर, मागे रांगेत माणसं उभी असताना, आपलं नातं समजावून सांगावं लागलं. असं एकदा झालं की ती गोष्ट आठवड्याभरात ऑफिसभर होते आणि पुढच्या वर्षी कोणी नाव देत नाही. मग सीएफओ म्हणतात, बघा, कोणाला गरजच नव्हती.

म्हणून विमा कंपनीशी सही करायच्या आधी टीपीएकडून तीन गोष्टी लेखी घ्या. कार्डावर नातं "पार्टनर" छापलं जाईल. नाव नोंदवण्याच्या पोर्टलवर कर्मचारी पुरुष असला की जोडीदाराच्या लिंगात "स्त्री" आपोआप भरलं जातं, ते बंद होईल. आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारा एक माणूस, नावानिशी. पोर्टलचं मात्र स्वतः एकदा खोटं नाव भरून तपासा. "हो साहेब, होईल" यावर जाऊ नका.

दुसरी एक बारीक गोष्ट, हिने घरं मोडू शकतात. बऱ्याच टीपीएंचं ई-कार्ड ही एकच पीडीएफ असते, तिच्यात कुटुंबातल्या सगळ्यांची नावं एकाखाली एक. सांगलीला वडिलांना मोतीबिंदूसाठी कार्ड हवंय म्हणून मुलगा पीडीएफ पाठवतो, आणि त्यात तिसऱ्या ओळीला जोडीदाराचं नाव. प्रत्येकाचं कार्ड वेगळं निघालं पाहिजे. तसंच नावांची यादी एक्सेलमध्ये ईमेलवर फिरवू नका, मॅनेजरला सीसी तर अजिबात नको. पार्टनरचं घोषणापत्र लाभ सांभाळणाऱ्या एकाच माणसाकडे जावं. योजना सगळ्या अविवाहित जोडप्यांना खुली ठेवा असं मी सुरुवातीला म्हटलं त्याचं मोठं कारण हेच आहे. फक्त समलिंगींसाठी ठेवलीत तर फॉर्म भरणं म्हणजे ऑफिसात जाहीर करणं. सगळ्यांना खुली असली की "पार्टनर" या शब्दावरून काहीच कळत नाही.

"मग त्या मुलीने लग्न करावं ना" हा प्रश्न बैठकीत येणारच. तिच्या घरी जातीवरून विरोध असेल. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते, आणि ती कार्यालयात लागली की गावापर्यंत बातमी जाते, म्हणून थांबली असेल. किंवा तिला लग्न करायचंच नसेल. तुम्हाला ते विचारायचं कारण नाही. बाळंतपणाच्या सहा महिन्यांची पगारी रजा तिला मिळते तेव्हाही कायदा नवऱ्याचं नाव विचारत नाही. फक्त मेडिक्लेममधला बाळंतपणाचा भाग "विवाहित" या शब्दावर अडलेला नाही ना, हे पॉलिसीत वाचून घ्या. काहींत तो अजून तसाच पडून आहे.

तुमचं रिन्यूअल कधी आहे ते प्रश्नात नाही. सहा-आठ महिने लांब असेल तर त्या दोघांना तोवर ताटकळत ठेवू नका. प्रत्येकाच्या जोडीदाराने स्वतःच्या नावाने वैयक्तिक पॉलिसी घ्यावी आणि कंपनीने तेवढी रक्कम करपात्र भत्ता म्हणून पगारातून द्यावी. नातं दाखवायचा प्रश्नच येत नाही. अपघात सोडला तर अशा पॉलिसीत पहिले तीस दिवस क्लेम चालत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, हे त्यांना स्पष्ट सांगा. आणि ग्रुपमध्ये नाव आल्यावरही परवडत असेल तर ती वैयक्तिक पॉलिसी चालू ठेवायला सांगा. उद्या त्यांनी तुमची नोकरी सोडली तर ग्रुपचं कवच त्याच दिवशी संपतं, आणि पुढची कंपनी पार्टनरला घेईलच असं नाही.